कालचा फळा

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दीपगृहाच्या रखवालदाराने खडूची डबी उचलली, दारापर्यंत नेली आणि परत फडताळात ठेवून दिली. त्याने केलं ते एवढंच. दुपारपर्यंत गावात जे काही झालं, ते त्यापुढचं.

रस्ता जिथे संपतो आणि पुढे नुसता समुद्र उरतो, तिथे ते गाव होतं. दिवसातून दोन बस यायच्या आणि त्यांना दुसरीकडे कुठे जाता येत नसल्यामुळे तिथूनच परत फिरायच्या. गावात पाहण्यासारख्या गोष्टी दोन. एक दीपगृह आणि दुसरा शिंक्या दगड. तिसरं म्हणजे एका निवृत्त मास्तरांच्या ओसरीवरचं शंखशिंपल्यांचं संग्रहालय, पण ते मास्तर जागे असतानाच उघडं असे.

दीपगृह खाडीच्या तोंडाशी उंच टेकाडावर उभं होतं. दोनशे चौदा पायऱ्या, माथ्यावर तीनशे साठ लोलकांचं भिंग. दिवा आता आपोआप लागायचा आणि आपोआप विझायचा, त्यामुळे रखवालदाराकडे दोनच कामं उरली होती. पाहुण्यांना वर नेऊन माहिती सांगायची, आणि रोज सकाळी धक्क्यावरच्या काळ्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या. दुसरं काम तो एकोणीस वर्षं एकही दिवस न चुकता करत आला होता. पहिल्या कामाला पाहुणे लागतात.

पाहुणे जात शिंक्याकडे. धक्क्यापासून होडीने वीस मिनिटांवर समुद्रात हा दगड होता आणि त्याच्या पोटातून आरपार भोक गेलं होतं. ऐन भरतीला लाट खालून भोकात शिरायची आणि दगड मोठ्याने शिंकून दोन माडांइतका उंच फवारा उडवायचा. भरतीच्या आगेमागे पंधरा मिनिटं हा खेळ चाले. उरलेला दिवस तो पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा पडून असे. त्याला पायऱ्या नव्हत्या, इतिहास नव्हता, देखभाल नव्हती. लोक होडीत बसत, भिजत, खिदळत आणि खूश होऊन आल्या बसने परत जात.

हेही रखवालदाराने सोसलं असतं. पण ती होडी त्याच्या साडूची होती.

साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा माणूस समुद्रापासून चार तास लांबच्या गावात सायकली दुरुस्त करत होता. चार वर्षांपूर्वी सासुरवाडीला आला, कुणाची तरी जुनी होडी घेतली, तिला पिवळा रंग लावला आणि त्यानंतर पोहायला शिकला. तोपर्यंत त्या दगडाला कुणी नावही दिलेलं नव्हतं. यानेच दिलं. होडी दगडाजवळ नेऊन तो आपलं नाक चोळायचा, डोळे बारीक करायचा, "येतेय हं, येतेय," म्हणायचा आणि नेमकी त्याच क्षणी लाट यायची. जहाजं टिपण्यासाठी खात्याने दिलेल्या दुर्बिणीतून रखवालदार हे रोज पाही आणि होडीतली डोकी मोजी. कधी अठरा, कधी तेवीस. मग खाली येऊन अभिप्रायाची वही उघडून बघे. शेवटचा अभिप्राय महिन्यापूर्वीचा होता आणि त्यात पायऱ्या मोजण्यात चूक झाली आहे का, अशी शंका विचारली होती.

आणि वर हा माणूस वाईटही नव्हता. चार लोकांत भेटला की वाकून "दादा, बरं आहे ना?" म्हणायचा. मेव्हणी घरी आली की नवऱ्याचं कौतुक सांगायची, बायको ते ऐकताना मान डोलवायची, आणि ती मान रखवालदाराला संध्याकाळभर डोळ्यांसमोर हलताना दिसायची.

यंदा प्रकरण पोटदुखीच्या पलीकडे गेलं होतं. खात्याचं पत्र आलं होतं की वर्षअखेरपर्यंत पाहुण्यांची संख्या वाढली नाही, तर दीपगृह पाहुण्यांना बंद करण्यात येईल आणि रखवालदाराची बदली मुख्य भांडारात होईल. भांडार घाटावर होतं. तिथल्या खिडकीतून दुसरं भांडार दिसायचं. त्याच सुमारास चाळीस किलोमीटरवरच्या फाट्यावर गावाची मोठी पाटी लागणार असं ठरलं. हमरस्त्यावरची वाहनं ती पाटी पाहून आत वळणार होती. पाटीवर जागा एकाच चित्राची होती, आणि ते कुठलं, हे ठरवायला पर्यटन कार्यालयाच्या अधिकारी बाई मंगळवारी येणार होत्या. त्यांच्या दौऱ्याचा कागद सोमवारी रखवालदाराच्या हाती पडला. सकाळी नऊ, शिंक्या दगड. अकरा, दीपगृह, वेळ उरल्यास.

"वेळ उरल्यास," रखवालदार जेवताना म्हणाला.

"मग उरेल की," बायको म्हणाली.

"एकशे तीस वर्षं उभं आहे ते. आणि वेळ उरल्यास."

"अहो, दगड त्याहून जुना असेल," बायको म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.

त्या रात्री त्याला झोप लागली ती एक गोष्ट ठरवूनच. खोटं लिहायचं नाही. एकोणीस वर्षांत त्याने एका मिनिटाचंही खोटं लिहिलं नव्हतं. फक्त उद्या खरं लिहायला जायचं नाही.

भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. सोमवारी ती नऊ चाळीसला होती. कोष्टकाप्रमाणे मंगळवारी साडेदहाला होती. पण फळ्यावर सोमवारचंच राहिलं. आणि फळ्यावर तारीख लिहायची पद्धत नव्हती. वर नुसतं 'आज' असं पांढऱ्या रंगाने कायमचं रंगवलेलं होतं. रोज बदलणाऱ्या फळ्याला तारखेची गरज कधी पडली नव्हती.

नऊला अधिकारी बाई जीपमधून उतरल्या. साडूने फळा वाचला, त्यांना होडीत बसवलं आणि सव्वानऊला निघाला. रखवालदार वरच्या सज्जात दुर्बीण घेऊन उभा होता. नऊ चाळीसला साडूने नाक चोळलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा चोळलं. बाई घड्याळाकडे बघत होत्या. साडू हातवारे करून काहीतरी समजावत होता आणि दगड तोंड मिटून बसला होता. पाच मिनिटांनी साडूने दोन्ही हातांनी नाक चोळलं. चार वर्षांत पहिल्यांदाच रखवालदाराला त्या माणसाकडे बघून बरं वाटलं.

त्याला एकच गोष्ट सुचली नव्हती. फळा साडू एकटाच वाचत नव्हता.

गावच्या कोळ्यांना खरं तर फळ्याची गरज नव्हती, भरती त्यांना अंगात कळायची. पण एकोणीस वर्षं रोज अचूक फळा वाचून वाचून त्यांची अंगंही आळसावली होती. नऊ चाळीसला पाणी भरलेलं असणार, या हिशोबाने एक मोठी मच्छीमार होडी धक्क्यावरून सुटली आणि खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर जाऊन रुतली. मागच्या होडीवाल्याला वाटलं, याला चालवता येत नाही. त्याने बाजूने घातली आणि तोही रुतला. त्यामागून पलीकडच्या तीरावर जाणारी लाँच आली. तिच्यात बावीस उतारू, एक शिवणयंत्र आणि आठ कोंबड्या होत्या. लाँचवाल्याने दोघांनाही बाजूला व्हा म्हणून भोंगा वाजवला आणि भोंगा वाजवत वाजवतच तिसरा रुतला. खाडीचं तोंड बंद झालं.

तिघांची जुंपली. कुणी कुणाच्या डोळ्यांवर घसरलं, कुणी वडिलांवर. पण फळा चुकला असेल, हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी लाँचवरच्या एका म्हातारबुवांनी निकाल दिला की आज समुद्रालाच उशीर झाला आहे, आणि ते सगळ्यांना पटलं. हे शब्द वाऱ्यावर वर सज्जापर्यंत पोचले तेव्हा रखवालदाराला अंगावर घातलेला गणवेश एकदम घट्ट झाल्यासारखा वाटला.

दहाच्या पुढे पिवळी होडी परत फिरली. खाडीत शिरायला वाट नव्हती. साडूने क्षणभर विचार केला आणि होडी सरळ दीपगृहाच्या टेकाडाखालच्या खडकांना लावली. बाईंनी चपला हातात घेतल्या. गुडघाभर चिखलातून त्या चालत येत होत्या, मागे त्यांची पिशवी डोक्यावर धरून साडू. दुर्बिणीतून बाईंचा चेहरा स्पष्ट दिसत होता. दगडावर आता त्या फुली मारणार, यात शंका उरली नव्हती. वेळही भरपूर उरला होता.

रखवालदार दोन दोन पायऱ्या गाळत खाली धावला. दार उघडलं, पाय पुसायला फडकं दिलं, टोपी सरळ केली. "या मॅडम. दोनशे चौदा पायऱ्या आहेत, पण दर पायरीला माहिती आहे."

आणि त्याच वेळी त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. दहा वाजून अठरा मिनिटं.

साडेदहाला भरती. शिंक्या आता सव्वादहापासून पावणेअकरापर्यंत शिंकणार, आणि वरच्या सज्जातून तो तळहातावर ठेवल्यासारखा दिसतो. बाईंना पावणेअकरापर्यंत वर पोचू द्यायचं नाही. ज्या माणसाने पाहुणा वर यावा म्हणून चार वर्षं जीव टाकला, त्याला आलेला पाहुणा वर जाऊ नये म्हणून आता सत्तावीस मिनिटं काढायची होती.

त्याने पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. तिचा दगड कुठून आला, कसा आला, घडवणाऱ्याचा अंगठा कसा गेला. पहिल्या टप्प्यावर त्याने तेलाची जुनी कोठी उघडली आणि रिकामे डबे एकेक करून दाखवले. डब्यांच्या झाकणांत फरक होता, तोही सांगितला. दुसऱ्या टप्प्यावर गंजाचे प्रकार सांगितले. बाईंनी जांभई दाबली. मागून साडू मनापासून म्हणाला, "दादांना सगळं तोंडपाठ आहे मॅडम. आमच्या घरात एवढं शिकलेलं दुसरं कुणी नाही." रखवालदाराने रागाने तिसऱ्या टप्प्यावरची खिडकी उघडली, जमिनीच्या बाजूची, आणि घरांची छपरं दाखवायला घेतली. हे पोस्ट, ही शाळा, हे मास्तरांचं संग्रहालय, सध्या बंद.

"वर जाऊ या का?" बाई म्हणाल्या.

"दमला असाल. बसा ना थोडं."

"मी दमले नाही. चिखल वाळून पाय ओढताहेत फक्त."

दहा छत्तीसला ते भिंगाच्या खोलीत पोचले. इथे रखवालदार खरंच रंगला. तीनशे साठ लोलक, त्यांतला एकही बदललेला नाही, सूर्य आला की भिंतीवर रंग कसे फिरतात. बोलता बोलता तो स्वतःच विसरला की आपण वेळ काढतोय. बाईही पहिल्यांदा नीट ऐकत होत्या. ते दोन-तीन मिनिटंच असतील, पण चार वर्षांत त्याला तेवढं सुख मिळालं नव्हतं.

मग त्यांनी सज्जाच्या दाराला हात लावला.

"ते दार अडकतं मॅडम," रखवालदार म्हणाला. "बिजागरी गेली आहे. शिवाय वारा आहे."

"दादा, थांबा, मी बघतो," साडू म्हणाला, आणि सायकलीची गंजलेली चाकं वर्षानुवर्षं सोडवलेल्या हातांनी त्याने दार उचलून बाजूला सारलं. दार अडकलेलं नव्हतंच, त्यामुळे ते जरा जास्तच जोरात उघडलं.

दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. आणखी चार मिनिटं गेली असती, तर ही कथा इथेच संपली असती.

बाई सज्जात गेल्या. रखवालदार त्यांच्यापुढे धावला आणि हात लांब करून जमिनीकडे दाखवू लागला. "मॅडम, इकडे. इकडे माडांच्या बागा बघा. पार डोंगरापर्यंत."

त्याच्या मागे, खाली, शिंक्या शिंकला.

होडीतून तो निम्माच दिसायचा आणि उरलेला अंगावर यायचा. इथून तो अख्खा दिसत होता. काळा दगड, त्यातून सरळ वर चढलेला पांढरा खांब, उन्हात त्यावर उमटलेलं छोटं इंद्रधनुष्य, आणि मग क्षणभराने वर पोचलेला शिंकेचा आवाज. बाईंनी फोन काढला आणि फोटो घेतला. मग आणखी घेतले. रखवालदाराचा हात अजून माडांच्या बागांकडे होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"इथून," बाई म्हणाल्या. "हा बघायचा तो इथूनच."

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. खालच्या होड्या पाण्याने उचलल्या होत्या आणि लाँचवाला चिखलाने माखलेला वर आला होता. बहुधा कुणीतरी कोष्टक उघडून बघितलं होतं. तो धापा टाकत म्हणाला की फळ्यावर नऊ चाळीस लिहिलंय, भरती साडेदहाची आहे, बावीस माणसं पाऊण तास वाळूवर बसली, याचा जाब कुणी द्यायचा?

बाईंनी वही काढली. "फळा कोण लिहितं?"

भांडाराच्या खिडकीतून दिसणारं ते दुसरं भांडार रखवालदाराच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्याने तोंड उघडलं. सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं, निदान पुढे तो तसं म्हणत असे.

"चूक माझी आहे मॅडम," साडू म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"सकाळी होडी धुताना बादलीभर पाणी फळ्यावर उडालं. दादांनी लिहिलेलं पुसलं गेलं. मी आपलं आठवणीने परत लिहिलं, तर कालचं लिहिलं गेलं. दादांची चूक कशी होईल? एकोणीस वर्षांत झाली नाही."

लाँचवाला त्याच्याकडे बघत राहिला आणि मग हसायलाच लागला. म्हणाला, लेका, तुझ्यावर रागवायचं तरी कसं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. रखवालदाराला उलटी अक्षरं वाचायची सवय होती. त्याने वाचलं. 'होडीवाला, अत्यंत प्रामाणिक.'

गुन्हा त्याने केला होता. रात्री जागून, विचार करून, स्वतःच्या अकलेने केला होता. आणि त्याचं श्रेयही साडूच घेऊन गेला.

दुपारी तो घरी आला तेव्हा मेव्हणी नुकतीच येऊन गेली होती. बायको सुपात काहीतरी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "तुमचा गुडघा कसा आहे?"

"गुडघ्याला काय झालंय?"

"मलाही तेच वाटलं. पण तो धाकटीला म्हणाला, दादा आज फळ्याकडे फिरकले नाहीत, म्हणजे गुडघा दुखत असणार. त्यांना कुणी विचारू नका, त्यांना वाईट वाटेल."

रखवालदाराने टोपी खुंटीला अडकवली.

"चांगला माणूस आहे हो," बायको म्हणाली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "तेवढं एक सोडून बोल."

पाटी महिन्याभरात लागली. चित्र सज्जातून घेतलेलं होतं. मध्यभागी शिंक्या, इंद्रधनुष्यासकट, आणि उजव्या कोपऱ्यातून आत आलेलं गणवेशातलं एक कोपर. खाली लिहिलं होतं, 'शिंक्या दगड. दीपगृहावरून पाहा.' गाड्या आत वळू लागल्या. दिवसाला साठ-सत्तर माणसं दोनशे चौदा पायऱ्या चढू लागली. खात्याने संख्येबद्दल समाधान व्यक्त केलं आणि बदलीचा विषय मागे पडला. दारात आलेला प्रत्येक जण एकच विचारायचा, "दगड इथूनच दिसतो ना?" आणि रखवालदाराला हो म्हणावं लागायचं. भिंगाच्या खोलीत लोक सज्जाच्या दाराकडे तोंड करून उभे राहायचे आणि तीनशे साठ लोलकांना पाठ दाखवायचे. एकाने तर भिंगाला टेकून बुटाची नाडी बांधली.

होडी बहुतेक रिकामीच राहू लागली. भिजायचं कशाला, जर वरून कोरडं दिसतंय. हे ऐकून रखवालदाराला आनंद व्हायला हवा होता, आणि तो आठवडाभर झालाही. पण साडूचं तोंड काही उतरलं नाही. होडी बांधून तो दीपगृहाच्या पायथ्याशी येऊन बसू लागला. चढून आलेले दमलेले लोक त्याच्याभोवती टेकायचे आणि तो त्यांना शिंक्याच्या गोष्टी सांगायचा, मग दीपगृहाच्याही सांगू लागला. पहिल्या पायरीचा दगड, घडवणाऱ्याचा अंगठा, तेलाचे डबे, गंजाचे प्रकार. सगळं त्याने त्या एका दिवशी ऐकलेलं होतं. गंजाच्या प्रकारांना लोक पोट धरून हसायचे. रखवालदाराने वरून ऐकलं, पण त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. अभिप्रायाची वही दीड महिन्यात भरली. त्यातले निम्मे अभिप्राय 'खाली बसणाऱ्या काकां'बद्दल होते.

या महिन्याच्या तीन तारखेला खात्याचं पत्र आलं. पाहुण्यांची वाढती गर्दी लक्षात घेता दीपगृहावर एका सहायकाचं पद मंजूर झालं आहे. पायथ्याशी माहिती सांगणाऱ्या संबंधित व्यक्तीची त्या जागी नेमणूक करावी का, याबद्दल रखवालदाराने आपलं स्पष्ट मत पंधरा दिवसांत लेखी कळवावं. मताशिवाय नेमणूक होणार नाही.

रखवालदाराने कोरा कागद घेतला आहे. वर तारीख घातली आहे, 'महोदय' असं लिहिलं आहे. बायकोने दोनदा विचारलं, आणि मेव्हणी रोज संध्याकाळी येऊन काही न विचारता बसते. साडूला पत्राबद्दल कळलं आहे. तो एवढंच म्हणाला की दादा जे लिहितील ते बरोबरच असेल.

आज चौदावा दिवस आहे. टपाल दुपारी तीनला निघतं.